पूर्ण बरी झाल्यावर

११ फेब्रुवारी

मुंगीच्या बाबा,

तुझा निरोप मिळाला. "पूर्ण बरी झाली की मुलीचं बघू." एवढं एकच वाक्य, आणि तेही तुझ्या आईच्या फोनवर. माझा नंबर बदललेला नाही.

उत्तर सरळच देते. मी पूर्ण बरी होणार नाही. बायपोलर म्हणजे पडसं नव्हे, आलं आणि गेलं. हा आजार माझ्याबरोबर म्हातारा होणार आहे. मी गोळ्या घेते, रक्त तपासून घेते, दर गुरुवारी समुपदेशनाला जाते. एवढं सगळं करूनही माझं मन मधूनच कधी उधळेल, कधी बसकण मारेल. त्या 'पूर्ण' दिवसाची वाट बघायची असेल तर आरामखुर्ची घेऊन बस. मी थांबणार नाही. मला माझी मुलगी हवी आहे, आणि मी आहे अशी असतानाच हवी आहे.

नदीचं प्रकरण तू परत काढशील, म्हणून मीच काढते. हो, मी मुंगीला भर परीक्षेतून उठवून नदी कुठे सुरू होते ते दाखवायला नेलं. हो, पेट्रोल संपलं, आणि पोलिसांच्या गाडीतून आम्ही परत आलो. ती भुकेली होती, घाबरली होती. तिच्या डोळ्यांत बघून मी तिची माफी मागितली आहे. तुझीही मागितली, किती वेळा ते तुलाच आठवत असेल. आता परत मागणार नाही. एक माफी जन्मभर हप्त्याहप्त्याने मागत राहायला माझ्याकडे वेळ नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझी आई मुंगीचे स्वेटर न्यायला इकडे आल्या आणि परत आल्याच नाहीत, याचं तुला नवल वाटलं असेल. त्या आल्या तेव्हा मी अंथरुणात होते. स्वयंपाकघरातल्या बेसिनचा वास जिन्यापर्यंत येत होता. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला घेतली. मी आतून ओरडले, "आई, तुम्ही जा. मला कुणी नकोय." तर म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी कुठे थांबलेय? त्याच्या घरात दिवसभर टीव्ही चालू असतो, माझं डोकं उठतं."

त्याच आठवड्यात समुपदेशक बाईंनी मला विचारलं होतं, घरचं कोण येईल? घरच्या माणसाशिवाय हे काम निम्मंच होतं, असं त्यांचं म्हणणं. मी तुझं नाव दिलं. तू फोनवर काय म्हणालास ते आठवतंय? "मी काही आजारी नाही." तुझी आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, मी येते. मीही घरचीच आहे."

बाईंनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "सासूबाई."

"आणि मिस्टर?"

"ते घर सोडून गेले," तुझी आई म्हणाल्या. "मी नाही गेले."

मुंगीची आई


१९ मार्च

मुंगीच्या बाबा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहितेच आहे. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला काही माहीतच नव्हतं.

बाईंच्या खोलीत काय चालतं असं तुला वाटतं? कोच, टिपं गाळणं, "तुमचं बालपण कसं होतं"? खोली छोटी आहे. पंखा आवाज करतो. बाई माझ्याहून लहान आहेत, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग तोच शोधत बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातला: आरोप करायचा नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं.

तुझी आई म्हणाल्या, "ही वेड्यासारखी करते."

"वेड्यासारखी म्हणजे काय करते?"

मग हळूहळू त्यांना आठवायला लागलं. "एक चहा ठेवते, तो विसरते, दुसरा ठेवते. माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. कपाटं आवरायला काढते, सगळीच्या सगळी, एकदम. आणि झोपत नाही. झोपत नाही तरी दमत नाही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. खाली जाताना काय दिसतं? मी सांगितलं, केस विंचरत नाही. फोन पालथा ठेवते. कारखान्यात दातांचे ठसे येऊन पडतात, त्यात प्लॅस्टर ओतायचं नुसतं मनात येतं, हात उठत नाही. तुझ्यासारखे लोक त्याला आळस म्हणतात. आई ऐकत होत्या. घरी येताना बसमध्ये म्हणाल्या, "फोनचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी फोन करते ते तुला आवडत नाही."

पण आमचं भांडण झालं तेही सांगते. आमच्या गोड कहाण्या ऐकून तू निर्धास्त व्हावंस असं मला वाटत नाही.

कारखान्यात एक गिऱ्हाईक कवळी परत घेऊन आला. नवी कोरी, मी आणि मास्तरणीने मिळून बसवलेली. (मास्तरीण म्हणजे माझी भागीदार, पूर्वी शाळेत शिकवायची ती.) "काय झालं? लागते का?" तर म्हणाला, "लागत नाही हो, पण हिच्यात मी थेट माझ्या मेहुण्यासारखा दिसतो." तो गेल्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मेणाची वाटी पालथी झाली. घरी येऊन आईंना सांगताना मला परत हसू आवरेना. आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गोळी घेतलीस ना?"

मी हातातला झारा फेकला. नुसता फेकला नाही, भिंतीवर आपटला.

पुढच्या गुरुवारी मी बाईंना म्हटलं, "मला एकदा सांगून टाका. माझ्या वाट्याला किती आनंद ठेवलाय? रडले तर आजार, हसले तर आजार. गोळी म्हणजे माझ्या तोंडाला लावलेलं झाकण आहे का?"

बाईंनी माझी समजूत काढली नाही. त्यांनी आईंना विचारलं, "ती हसते तेव्हा तुम्हाला काय होतं?"

तुझी आई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पुढचं दिसायला लागतं. पोलिसांची गाडी दिसते."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मग पुढचं ओळखायचं कशावरून, ते ठरवू या. हसण्यावरून नाही. हसणं तिचं आहे, ते तिला परत द्या. झोपेवरून ओळखा. आणि तुम्ही मागे सांगितलंत त्या कपाटांवरून."

आता आमच्या घरात असं ठरलंय की माझ्या हसण्यावर प्रश्न नाही. माझ्या झोपेवर कुणीही, कधीही प्रश्न विचारू शकतं, आणि मी खरं सांगायचं. उठणं, जेवणं, दिवा मालवणं रोज ठरल्या वेळी. तुला हे कंटाळवाणं वाटेल. मलाही वाटतं. बाई म्हणतात, तुमचं मन पतंगासारखं आहे, रोजची वेळ हा त्याचा मांजा.

आणखी एक ठरलं, आणि ते मीच सांगितलं, डोकं ठिकाणावर असताना, सगळ्यांसमोर. झोप उडाली आणि मी ऐकेनाशी झाले, तर कारखान्याचं कुलूप मास्तरणीने लावायचं. गाडीची किल्ली आईंनी घ्यायची. डॉक्टरांना फोन करायचा. माझ्याशी वाद घालायचा नाही. फक्त एवढंच म्हणायचं, "तूच सांगितलं होतंस." माझ्याही अटी आहेत. जेवणात गोळी मिसळायची नाही. माझ्या पाठीमागे कुजबुजायचं नाही. आणि मुंगीला माझ्याबद्दल खोटं सांगायचं नाही.

ही शेवटची अट तुझ्यासाठी आहे.

मुंगीची आई


६ मे

मुंगीच्या बाबा, ऐक, ऐक!

आधी बातमी. दातांच्या मोठ्या दवाखान्याचं सगळं काम आमच्याकडे आलं! सगळं! कवळ्या, कॅप, ब्रिज, सगळं! मास्तरीण म्हणते आपल्याला झेपणार नाही, मास्तरीण कायमच असं म्हणते, तिच्या रक्तातच खडू आहे. मला झेपतं. मला सध्या काय झेपत नाही ते विचार. सकाळी सगळे उठायच्या आत माझे चार ठसे ओतून झालेले असतात, प्लॅस्टर हाताखाली कसं लोण्यासारखं चालतं, आणि मला आता कळलंय की दातांच्या छटा आपण चुकीच्या लावतो, सगळं जगच चुकीच्या लावतं. पांढऱ्यात माणसाचा स्वभाव असतो रे! मी छटांचा नवीन पट्टा तयार करते आहे, माझा स्वतःचा, चिडक्या माणसाचा पांढरा वेगळा, प्रेमळ माणसाचा वेगळा. तुझ्यासाठी एक केलाय, जरा पिवळट आहे, रागावू नकोस.

जागा पुरत नाही, म्हणून शेजारची झेरॉक्सची खोली आपण घेतोय. मधली भिंत पाडायची. थोडी पाडलीसुद्धा! हातोडीचे तीन घाव आणि आरपार! झेरॉक्सवाल्याला अजून सांगायचंय, पण तो हो म्हणेल, भोकातून डोकावून "ताई, काय हवंय?" असं किती प्रेमाने विचारलं त्याने.

तुझी आई मागे लागल्या आहेत, झोप, झोप, झोप. झोपायला काय, म्हातारपण पडलंय पुढे! बाईंना मी सांगितलं की झोपते, त्यांना उगाच काळजी नको.

आणि तू म्हणत होतास ना, पूर्ण बरी? झाले! इतकी बरी मी जन्मात नव्हते. रविवारी मुंगीला न्यायला येते. रविवार कशाला, शनिवारीच येते. तिची बॅग भरून ठेव. स्वेटर नको, उन्हाळा आहे!

मी!


२८ जून

मुंगीच्या बाबा,

तुझ्या वकिलाची नोटीस आली. तिच्याबरोबर माझ्या मे महिन्यातल्या पत्राची नक्कल आहे. पांढऱ्याच्या छटांखाली लाल शाईने रेघ मारली आहे, भिंतीच्या भोकाखाली दोन.

दाखव. कुणाला हवं त्याला दाखव. मोठ्याने वाच, मी समोर बसून ऐकते. ते पत्र माझंच आहे. पण वाचशील तर तिथे थांबू नकोस, पुढचंही वाच. पुढचं तुझ्या वकिलाकडे नाही, म्हणून लिहून पाठवते.

त्या शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली शोधत होते. खुंटीवर नाही, ताटाळ्यावर नाही. तुझी आई दारात उभ्या होत्या, पदरात काहीतरी घट्ट धरून.

"किल्ली द्या."

"नाही देणार."

"आई, माझी मुलगी वाट बघतेय."

"तूच सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी विसरून जायचं ठरवलंय, म्हणून मी लिहून ठेवत नाही. तुझ्या सोडून जाण्याचा दोषही मी त्यांच्याच पदरात घातला, इतकं सांगते. त्या रडल्या. रडता रडता तेच एक वाक्य परत परत म्हणत राहिल्या, शाळेतल्या मुलीने कविता म्हणावी तसं. मूठ काही सोडली नाही.

मी चालत कारखान्यात गेले. कुलूप. मास्तरीण पायरीवर बसली होती. "तुझ्याशी वाद घालायचा नाही असं ठरलंय," ती म्हणाली, "नाहीतर त्या भिंतीबद्दल मला पुष्कळ बोलायचंय." का कोण जाणे, त्या वाक्यावर मी जरा थांबले. तिच्या शेजारी बसले. दुपारी आम्ही तिघी रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. मी आपल्या पायांनी आत गेले. गोळ्यांची मात्रा बदलली. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. पोलीस आले नाहीत. पेट्रोल संपलं नाही. मुंगी तुझ्या घरी सुखरूप होती, कारण तिच्या आईने आपल्याच विरुद्ध पहारा बसवून ठेवला होता.

हे तुझ्या वकिलाने रेघ मारण्यासारखं आहे. मारायला सांग.

त्यानंतर मी खाली आले. तेही सांगते, सगळं उघड्यावरच आहे तर. आंघोळीला जायचं म्हणजे सामान बांधून परगावी निघाल्यासारखं वाटायचं. जगण्यात काही राम नाही, असं वाटायला लागलं. हे मी बाईंना शब्द न बदलता सांगितलं, आणि त्यांनीही शब्द न बदलता विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी हो म्हटलं. कुणी किंचाळलं नाही. त्या दिवसापासून तुझी आई माझ्या खोलीत झोपायला लागल्या, गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे गेला, आणि बाई रोज फोन करायला लागल्या. मग एकेक छोटं काम. बाई म्हणाल्या, "मन झालं की करू, असं नाही. करून बघू. मन मागून आलं तर आलं." पहिल्या दिवशी कारखान्यात जाऊन पॉलिशचं मशीन नुसतं चालू करायचं आणि परत यायचं. गेले, चालू केलं, परत आले. मन आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे कधीतरी एका कवळीवर हात फिरवला आणि ती चमकली. तेवढं मला पुरलं.

भिंत झेरॉक्सवाल्याने आणि मी मिळून बुजवली. तो म्हणतो, आता करमत नाही.

आता माझी मागणी. विनंती नव्हे. मुंगीला गुरुवारी बाईंकडे घेऊन ये. आईला काय होतं ते तिला आईच्या तोंडून कळू दे. तुला आत यायचं नसेल तर नको येऊस.

मुंगीची आई

ता. क. हे मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. वाचलं, सगळं खरं आहे. मी तुझी आई आहे, आणि हिची साक्षीदारही आहे. वकिलाला सांग, मला बोलाव. मला खूप बोलायचं आहे. पोरीला घेऊन ये. — आई


२ सप्टेंबर

मुंगीच्या बाबा,

तू तिला आणलंस. त्याबद्दल मनापासून बरं वाटलं, ते आधी लिहिते.

हेल्मेट मांडीवर घेऊन तू बाहेरच्या बाकावर बसून राहिलास. आत काय झालं ते तुला मुंगीने सांगितलं नसणार. ती म्हणाली, बाबाला सांगितलं की बाबा पाणी प्यायला जातो. म्हणून मी सांगते.

बाईंनी तिला विचारलं, आईबद्दल तुला काय माहीत आहे? मुंगी म्हणाली, "तिचं डोकं कधी खूप जोरात पळतं आणि कधी बंद पडतं." कुणी सांगितलं? "कुणीच नाही. सगळे म्हणतात आई कामात आहे. मी अकरा वर्षांची आहे, मला कळतं."

मी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या दाखवल्या. किल्लीची गोष्टही सांगितली, तेव्हा ती आजीकडे वळली आणि म्हणाली, "आजी, तू?" तुझी आई खुर्चीत जरा ताठ बसल्या.

मग बराच वेळ ती बुटाची लेस गुंडाळत, सोडत राहिली. आणि तिने विचारलं, "मलाही होणार का?"

खोटं बोलायचा मोह फार झाला. नाही ग राणी, तुला कशाला होईल. जिभेवर होतं. बाईंनी मला मदत केली नाही, नुसत्या बघत राहिल्या.

मी म्हटलं, "होऊ शकतं. आईला असलं तर मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पण बहुतेकांना होत नाही."

"आणि झालं तर?"

"तर मला लवकर ओळखू येईल. मला शिकायला फार वर्षं लागली, तुला तितकी लागणार नाहीत. आणि तुला ते कुणापासून लपवावं लागणार नाही. माझ्यापासून तर नाहीच."

ती रडली नाही. तिने विचार केला, तुझ्यासारख्याच भुवया चढवून. मग म्हणाली, "म्हणून बाबा तसा बघतो."

"कसा?"

"मी जोरात हसले की. किंवा झोप येत नाही म्हटलं की. माझ्याकडे असा बघत राहतो. म्हणून मी आता त्याच्यासमोर हळू हसते."

तुझ्या आईंनी माझा हात धरला. त्या नजरेचा त्यांना चांगला अनुभव आहे, आणि मलाही.

इतके दिवस मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावून गेलास. तू घाबरून गेलास. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. मुंगीत तू मला शोधतो आहेस, रोज, जेवताना, खेळताना. हे कळल्यावर तुझ्यावरचा माझा राग कमी झाला असं समजू नकोस. उलट जास्त झाला. माझ्यावर हवा तेवढा संशय घे, मला आता त्याला उत्तर देता येतं. तिला येत नाही. ती अकरा वर्षांची आहे आणि तुझ्या समाधानासाठी हसणं गिळायला शिकली आहे. हे मी चालू देणार नाही.

शनिवारी मुंगी इकडे राहायला येते आहे. आजी घरात असणार, मास्तरीण हाकेच्या अंतरावर, आणि माझी झोप कशी चालली आहे ते तू सरळ मला विचार, मी खरं सांगेन. बाईंनी दारात हे सांगितलं तेव्हा तू मान डोलावलीस, मी पाहिलं. वकिलाचं पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव.

निघताना मुंगीने विचारलं, "पण बाबाला कोण सांगणार?"

आजी म्हणाल्या, "मी सांगते."

मी म्हटलं, "नको. मी लिहिते."

तर लिहिलं. तुला भीती वाटते, ती वाटणारच. ती घेऊन गुरुवारी आत ये. ती मोठ्याने बोल, आईसमोर, माझ्यासमोर, आणि तिला झेपेल तेवढी मुंगीसमोरही. बाकावर बसून भीती कमी होत नाही. मी बसून पाहिलं आहे.

मुंगीची आई